जीपची थरथर : एका दोषाचा इतिहास

‘जीपची जातच तशी, ती नाचणारच.’ पूर्णेच्या गॅरेजांत हे वाक्य मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकत आलो. पुढचे चाक एखाद्या खड्ड्यातून गेले की स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे झटके मारू लागते. बॉनेट आणि मडगार्ड हलतात, समोरचा रस्ता डोळ्यांपुढे थरथरतो. ड्रायव्हरने वेग अगदी खाली आणल्याशिवाय ही थरथर थांबत नाही. आमच्याकडे तिला ‘वॉबलिंग’ म्हणतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव ‘शिमी’ असे आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेत खांदे हलवत करायचे एक नृत्य फार गाजले होते, त्यावरून हे नाव आले. म्हणजे गाडी नाचते असे म्हणणारे आमचे मेकॅनिक आणि ते अमेरिकन एकमेकांना न ओळखता एकाच उपमेला पोहोचले होते.

पण ‘जातच तशी’ हे उत्तर खरे आहे का? या एका प्रश्नामागे मी तीस वर्षे आहे. मी इंजिनिअर नाही. दहावीनंतर पूर्णेतल्या एका मोटार स्पेअर पार्टच्या दुकानात नोकरीला लागलो आणि जे शिकलो ते काउंटरच्या आतून आणि गॅरेजच्या दारात बसून. तिथेच माझ्या हातून एक चूक झाली. या शोधाची सुरुवात तिच्यापासून आहे, म्हणून ती आधी सांगतो.

१९९४ चा पावसाळा. काळी-पिवळी जीप चालवणारा एक ओळखीचा ड्रायव्हर दुकानात आला. ‘भाऊ, कायतरी द्या. गाडी लई वॉबल मारायली, पॅसेंजर ओरडायलेत,’ असे म्हणाला. त्या काळी जीपच्या स्टेअरिंगला लावायचा आडवा शॉकअप, म्हणजे स्टेअरिंग डॅम्पर, नव्याने विकायला आला होता. मी तो काढून दिला. थरथर त्याच दिवशी बंद झाली. दोन दिवसांनी त्याने येऊन मला चहा पाजला. तीन महिन्यांनी, गाडी भरलेली असताना, ड्रॅग लिंकच्या टोकाचा बॉल खोबणीतून निसटला. चाके आणि स्टेअरिंग यांचा संबंधच तुटला. जीप रस्ता सोडून ज्वारीच्या रानात गेली. जीव गेला नाही, पण एका म्हाताऱ्या बाईंचे मनगट मोडले. ड्रायव्हरने मला बोल लावला नाही. त्याच्या लेखी मी चांगलाच माल दिला होता. मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. तो बॉल तीन महिन्यांपूर्वीही ढिला असणार. थरथर हेच त्या ढिलाईचे बोलणे होते आणि मी त्या बोलण्याचे तोंड बांधले होते.

जीप आमच्याकडे कशी आली

जीपचा जन्म घाईतला. १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती आणि त्यासाठी मुदत दिली होती ४९ दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या हाताखाली नमुना तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्ध संपताच विलीजने हीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आणली. आपल्याकडे १९४५ साली लुधियानात स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चालणारी कंपनी मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडू लागली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल इथेच बनू लागले. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे मात्र त्याचा वंश त्यानंतरही चालत राहिला.

मराठवाड्याच्या खेड्यात जीप म्हणजे आधी सरकार. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. २ ऑक्टोबर १९५२ पासून देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. या प्रत्येक पावलाबरोबर जीप गावाच्या जवळ आली. बीडीओची जीप, फवारणीची जीप, १९७२ च्या दुष्काळात कामांची पाहणी करणारी जीप, निवडणुकीची जीप. सरकारी लिलावात निघालेल्या गाड्या मग खासगी मालकांकडे गेल्या. कुणी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले, कुणी मागचा सांगाडा वाढवून बाकडी टाकली. काळ्या-पिवळ्यांचा काळ आला तेव्हा या गाड्या दोन-तीन आयुष्ये जगून झाल्या होत्या.

गाडी गावात आली, पण तिचे पुस्तक आले नाही. दुरुस्तीची पुस्तके इंग्रजीत होती आणि डेपोच्या कपाटात राहिली. पूर्णेच्या मेकॅनिकच्या हाती आले ते केवळ लोखंड.

दोष जीपपेक्षा जुना

हैदराबादला आबिद्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात मला विलीजच्या सर्व्हिस मॅन्युअलची पाने सुटलेली एक प्रत मिळाली. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ती दोन वर्षांत वाचली. तिच्यात पुढच्या चाकांच्या शिमीबद्दल वेगळा मजकूर होता, म्हणजे बनवणाऱ्यांना हा दोष ठाऊक होता. मग मी आणखी मागे गेलो.

१९२० च्या दशकात मोटारींमध्ये दोन बदल एकदम झाले. पुढच्या चाकांनाही ब्रेक आले आणि १९२३ च्या सुमारास कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर आले. बसणाऱ्याला आराम मिळाला, पण पुढची चाके नाचू लागली. युरोप-अमेरिकेतल्या अभियंत्यांना या दोषाने हैराण केले. १९२५ मध्ये फ्रान्समध्ये ब्रुलिये यांनी त्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळच्या मोटारींत आणि जीपमध्ये एक गोष्ट समान आहे. पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या, सलग अॅक्सलने बांधलेली असतात.

यात काय घडते ते घरी बघता येते. सायकलचे चाक काढून दोन्ही हातांनी त्याचा आस धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग आस एका बाजूला कलवा. चाक कलत नाही, ते वळायला बघते. भोवऱ्याचा हा गुण. आता सलग अॅक्सलची जीप घ्या. डावे चाक उंचवट्यावर चढले की अख्खा अॅक्सल कलतो आणि फिरणारी दोन्ही चाके एका बाजूला वळायला बघतात. वळली की त्याच गुणाने अॅक्सल उलट्या बाजूला कलतो. कलणे आणि वळणे एकमेकांना ढकलत राहतात. रबरी टायर आपल्या वाकण्याने गाडीच्या वेगातली थोडी ताकद या हालचालीला देत राहतो. जोडांमध्ये पुरेसे घर्षण असेल तर हालचाल दोन झटक्यांत मरते. ते नसेल तर ती जगते आणि वाढते.

मोटारींपुरते या दोषावर उत्तर निघाले. रोल्स-रॉईसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांच्या प्रयत्नांनी त्या कंपनीच्या १९३४ च्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले. एक चाक वर गेले तरी दुसऱ्याला त्याची खबर नाही, त्यामुळे कलण्या-वळण्याची साखळी तुटली. आपली अॅम्बॅसॅडर आणि पद्मिनी याच पुढच्या पिढीच्या. त्यांचीही स्टेअरिंगे थरथरत, पण बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगमुळे.

जीपने मात्र सलग अॅक्सल ठेवला. पुढच्या चाकांना जोर द्यायचा, दगडावर आपटले तरी मोडायचे नाही, आणि कमी वेळात लाखोंनी गाड्या बनवायच्या, हे सगळे त्या काळी सलग अॅक्सलच करू शकत होता. मजबुतीबरोबर १९२० च्या दशकातला तो जुना दोषही जीपच्या पदरी आला. ‘जातच तशी’ या वाक्यात एवढे सत्य आहे, पण ते निम्मेच. जीपला थरथरीचा धोका जन्मजात असतो. प्रत्यक्ष थरथर जन्मजात नसते.

रेल्वेवाल्यांची साक्ष

हे निम्मे सत्य मला कळले ते गॅरेजात नव्हे, घरी. पूर्णा हे जंक्शन. परभणी-नांदेड मार्गावरून हिंगोली-अकोल्याची लाईन इथून फुटते. माझे लहानपण मीटरगेजच्या आवाजात गेले आणि वडील रेल्वेत होते. मी जीपचे सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, हे तर डब्यांचं हंटिंग.’

रेल्वेचे चाक सपाट नसते. त्याच्या कडेला उतार असतो, आपल्याकडे वीसास एक हे त्याचे जुने प्रमाण. त्या उतारामुळे चाकांची जोडी आपोआप रुळाच्या मध्यावर येते. पण मध्यावर येताना ती थोडी पलीकडे जाते, परत फिरते, आणि नागमोडी चालू लागते. जर्मनीत क्लिंगेल यांनी १८८३ मध्ये या नागमोडीचे गणित मांडले. गाडी संथ असेपर्यंत ही हालचाल आपोआप विरते. ठरावीक वेगाच्या पुढे ती विरण्याऐवजी वाढते. चाक झिजले, उतार बदलला, की तो धोक्याचा वेग खाली येतो. म्हणून रेल्वेत डबा डोलला तर त्या डब्याची जातच तशी असे कुणी म्हणत नाही. चाकाचा घेर मापतात, ढिले जोड शोधतात.

जीपचे हेच आहे. जोड घट्ट असताना तिचा धोक्याचा वेग रोजच्या वेगाच्या वर असतो. झीज त्याला खाली ओढते, आणि एक दिवस तो आपल्या रोजच्या वेगात येऊन बसतो.

उस्तादांचा काटा

आता पूर्णेच्या एका उस्तादांकडे येतो. त्यांचे नाव लिहू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. ते कधी शाळेत गेले नव्हते. अपघातानंतर मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. थरथरणारी जीप आली की पहिले वाक्य ठरलेले असे, ‘बेटा, आधी चिखल काढ.’ मला ते स्वच्छतेचे खूळ वाटे. पण आमची माती काळी, चिकट. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला ती थापल्यासारखी बसते आणि वाळली की दगड होते. सीजे-३बी च्या सहा-सोळाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ५० किलोमीटरला तो सेकंदाला सहा फेऱ्या मारतो. रिमला एका बाजूला चिकटलेले ढेकूळ सेकंदाला सहा वेळा स्टेअरिंगला ठोसा देते. कित्येक गाड्या केवळ टोचा आणि पाणी यांनी बऱ्या होऊन गेलेल्या मी पाहिल्या.

मग ते ड्रायव्हरला विचारत, ‘ठरलेल्या स्पीडला येतं, का खड्ड्यानं येतं?’ ठरावीक वेगाला येऊन पुढे गेल्यावर जात असेल तर दोष बहुधा चाकात. बॅलन्स, वाकलेला रिम, फुगलेला टायर. पुढची चाके मागे टाकून बघायची. खड्ड्याने सुरू होऊन हळू केल्याशिवाय थांबत नसेल तर दोष जोडांत.

जोडांची तपासणीही क्रमानेच. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचे. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेकने प्ले गेला तर चाकाचे बेअरिंग ढिले, राहिला तर किंगपिन. मग चाक आडवे धरून हलवायचे, त्यात टाय रॉडची टोके बोलतात. मग गाडी जमिनीवर उतरवून एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे करायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून ड्रॅग लिंक आणि बेलक्रँकच्या प्रत्येक जोडावर हात ठेवायचा. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो. त्यानंतर पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट. स्टेअरिंग बॉक्सला हात सगळ्यात शेवटी. त्याचा स्क्रू कसला की स्टेअरिंग जड होते आणि दोष गेल्यासारखा वाटतो.

या सगळ्यानंतरही थरथर राहिली तर ते भिंतीवरून स्प्रिंगचा काटा काढत. मोंढ्यात धान्याची छोटी पोती टांगून जोखायला वापरतात तोच. टाय रॉड सोडायचा, किंगपिनच्या भागाला काटा अडकवायचा आणि हळू ओढायचे. काटा कितीवर असताना चाक वळू लागते ते बघायचे. ‘सहाच्या आसपास पायजे,’ असे ते सांगत. त्यापेक्षा सहज वळले तर किंगपिनच्या टोपीखालचा एखादा पातळ शिम काढून ती पुन्हा कसायची.

मॅन्युअल वाचताना त्या पानावर आलो तेव्हा मी उठून उभा राहिलो. तेलसील काढून, स्टेअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून १२ ते १६ पौंड ओढ भरली पाहिजे, असे तिथे लिहिले होते. किलोत साडेपाच ते सव्वासात. उस्तादांचे सहा त्याच्या आत बसत होते. हा आकडा त्यांच्यापर्यंत कसा आला? तरुणपणी एका सरकारी वर्कशॉपमध्ये हेल्पर असताना त्यांनी तिथल्या फोरमनला असे करताना पाहिले होते. पुस्तक कपाटात राहिले, पण त्यातला एक आकडा हातातून हातात जात पूर्णेत पोहोचला.

त्या ओढीचा अर्थही मला पुढे कळला. किंगपिन थोडे जड असणे हा दोष नव्हे, तो इलाज आहे. ते घर्षणच थरथरीला मारते. विलीजच्या सुरुवातीच्या अॅक्सलांत किंगपिनला वर आणि खाली दोन्हीकडे रोलर बेअरिंग असे. पुढच्या काही अॅक्सलांत वरच्या बेअरिंगच्या जागी काशाचा शंकू आला, जो मुद्दाम घासतो. लँड रोव्हरनेही वरच्या पिनला रेझिनचा घासणारा बुश दिला. आमच्याकडे मात्र ‘हलके स्टेअरिंग म्हणजे चांगले स्टेअरिंग’ अशी समजूत. गिऱ्हाइकाला खूश करायला शिम वाढवून चाके हलकी केली जात आणि थरथर अशी विकत घेतली जाई.

भाराचे गणित

काळ्या-पिवळ्यांची आणखी एक बाजू आहे. जीपच्या किंगपिनला मागच्या बाजूला ३ अंशांचा कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. वळवलेले चाक सोडल्यावर सरळ होते ते याच्यामुळे. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाकही याच तत्त्वावर मागे ओढत येते, आणि ढिले झाले की कसे फडफडते ते सगळ्यांनी पाहिले आहे. सीजे-३बी च्या पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंचांचे अंतर. मागे जास्तीची माणसे बसून गाडी २ इंच दबली तर अख्खा सांगाडा सुमारे दीड अंश मागे कलतो. ३ अंशांचे साडेचार होतात आणि पुढच्या चाकांवरचा भारही घटतो. लांब केलेल्या गाडीत कल कमी येतो, पण माणसे आणखी बसतात. ‘रिकामी असताना काहीच करत नाही हो, भरली की नाचते,’ ही ड्रायव्हरांची तक्रार खोटी नव्हती. तिचे कारण बाकड्यांवर बसलेले होते. त्यांना दुसरे वाहन नव्हते, म्हणून ते तसे बसत.

डॅम्परबद्दल शेवटचे. तो वाईट वस्तू नाही. सगळे जोड घट्ट केल्यावर उरलेला कंप शोषायला त्याचा उपयोग होतो, आणि अनेक कंपन्या तो कारखान्यातूनच देतात. पण तो तपासणीच्या क्रमात शेवटी येतो. मी तो पहिला दिला.

हे सारे जुन्या लोखंडाचे पुराण वाटेल. २०२० पासूनच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पण २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीला पुढे सलग अॅक्सलच आहे, अमेरिकेतल्या रँग्लरलाही आहे, आणि त्या गाड्यांचे हौशी मालक आजही याच दोषाला ‘मृत्यूची थरथर’ म्हणतात. सलग अॅक्सल जिथे आहे तिथे तपासणीचा हा क्रमही हवा.

उस्ताद गेले. त्यांचा काटा त्यांच्या मुलाने मला दिला, तो आता दुकानाच्या भिंतीवर आहे. शेजारी तपासणीचा क्रम मराठीत लिहून लावला आहे. आडवा शॉकअप मागणाऱ्याला मी आधी तो वाचायला लावतो. काही गिऱ्हाइके चिडून दुसरीकडे जातात.

वाचकांना एक विनंती आहे. परभणी, हिंगोली, नांदेड भागात कुणाच्या घरी पंचायत समितीच्या किंवा हिवताप खात्याच्या जुन्या जीपची लॉगबुके, वर्कशॉपच्या वह्या, सुट्या भागांची बिले असतील तर ती रद्दीत घालू नयेत. कोणत्या वर्षी किती किंगपिन बदलले, कोणत्या रस्त्यावर कोणते पाटे मोडले, हे त्या वह्यांत आहे. आपल्या रस्त्यांचा आणि त्यांवरून गेलेल्या माणसांचा इतिहास लिहायचा तर तो तिथूनच लिहावा लागेल.